चित्रातली टोपलीवाली

देवूला पहिल्यांदा कुणी 'सर' म्हटलं, तेव्हा त्यानं मागं वळून बघितलं होतं, आपल्या पाठीमागं कोण सर येऊन उभे राहिलेत म्हणून. मागं एक म्हैस चरत होती.

हसू नका. डोंगरावरच्या वाडीतला माणूस तो. सातवीतनं शाळा सुटली, मग पिरंगुटच्या कुठल्या कंपनीत कंत्राटावर खोकी उचल, भरे गावात कुणाच्या मळ्याला कुंपण घाल, धरणाकाठच्या रिसॉर्टवर पाहुण्यांच्या गाड्यांचा चिखल धू, असं करत तिशी गाठली. तोवर त्याला लोकांनी 'ए', 'अरे' आणि फार तर 'ओ मामा' म्हटलेलं. त्या माणसाला एक दिवस चाळीस पोरं एका सुरात 'गुड मॉर्निंग देवू सर' म्हणाली, तर अंगावर मूठभर मांस चढणारच की! देवूचं चढलं. तिथंच घात झाला.

मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला हेमलता मॅडमनी शाळेच्या पोरांसाठी निसर्गकेंद्र काढलं होतं. बाई मूळच्या परभणीकडच्या. पंधरा वर्षं हिंजवडीत संगणकापुढं काढली, मारुंजीत फ्लॅट घेतला, आणि मग कंटाळून हे काम सुरू केलं. मनानं अगदी सरळ. शाळांच्या बस यायच्या, पोरं गुडघाभर चिखलात उतरून भात लावायची, ओढ्यात पाय सोडून बसायची, झाडं ओळखायची. कित्येक पोरांनी तांदूळ पिशवीबाहेर कधी पाहिलेलाच नसायचा. त्यांना रान दाखवायला मॅडमना रानातलाच माणूस पाहिजे होता. देवूला त्यांनी हिरवा टी-शर्ट दिला, गळ्यात शिटी दिली, टी-शर्टाच्या पाठीवर 'मार्गदर्शक' असं छापून दिलं.

आणि देवूला येत होतं, हे मान्य करायलाच पाहिजे. कुठल्या पाल्याची भाजी होते आणि कुठल्यानं घसा खाजतो, कुठल्या दगडाखाली काय असतं, पाणी कधी गढुळतं, सगळं त्याला तोंडपाठ. हे आलं कुठून? आईकडून. कमळ तिचं नाव. नवरा लवकर गेला, पदरात देवू आणि त्याची धाकटी बहीण सोनम. कमळनं दुसऱ्याच्या खाचरात लावणी करून, रानातलं काहीबाही गोळा करून दोघांना वाढवलं. देवू पाच वर्षांचा असताना तिनं त्याला ओढ्यात उभं करून खेकडा धरायला शिकवलं.

"म्होरनं हात घातलास तर बोट जातंय. मागनं धर, पाठीवनं. घाई न्हाई करायची."

धरला की लगेच टोपलीत टाकायचा नाही. आधी उलटा करायचा. पोटाखालचं झाकण बघायचं. तिथं बारकी पिल्लं चिकटलेली असली, तर जिथं सापडली त्याच दगडाखाली ती खेकडी परत ठेवायची, दुसऱ्या नाही. ही त्या वाडीची रीत. पिल्लाळी खेकडी कुणी घरी आणली, तर म्हातारी माणसं त्या घरचं कालवण तोंडाला लावत नाहीत. बोलत काही नाहीत, फक्त ताट सरकवून उठतात.

देवू हे पोरांना फार रंगवून सांगायचा. पोरं डोळे मोठे करून ऐकायची. कुणीतरी विचारायचंच, "सर, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

देवू म्हणायचा, "ट्रेनिंगमध्ये."

ट्रेनिंग! दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं त्याचं. त्यात त्याला शिटी कशी वाजवायची आणि पोरांची रांग कशी लावायची हे शिकवलं होतं. पण 'आईनं शिकवलं' म्हणायला जीभ रेटायची नाही. सर लोकांना ट्रेनिंग असतं, आई कुठं असते?

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मारुंजीकडच्या एका शाळेची सहावीची पोरं आली. सकाळी लावणी झाली, जेवणं झाली, मग देवू सगळ्यांना घेऊन ओढ्यावर आला. तिथं एक पाटी होती, देवूनंच रंगवलेली: 'ओढ्याचं ते ओढ्यात, रानाचं ते रानात.' पोरांनी हात पुढं करून तशी शपथ घेतली. देवू सांगत गेला, पोरं मागनं म्हणत गेली. हेमलता मॅडम कौतुकानं बघत होत्या. शपथेचा शेवटचा शब्द संपतोय न संपतोय, तोच ओढ्याच्या वळणावरून कमळ आली.

साडीचा ओचा वर खोचलेला, पिंढऱ्यांपर्यंत चिखल, केस भिजून कपाळाला चिकटलेले. हिरवी साडी, तीही विटलेली. काखेत टोपली, टोपलीवर सागाची पानं, आणि पानांखाली खेकड्यांची खडखड. वाट तिची जुनीच होती. केंद्र होण्याच्या आधीपासूनची.

मॅडम पोरांकडं वळल्या. "बघा मुलांनो, मी हेच सांगत होते. रोज अशी टोपली भरून खेकडे गेले, तर या ओढ्यात राहणार काय? देवू सर, त्या बाईंना जरा नीट समजावून सांगा."

मॅडमना ती कोण हे माहीत नव्हतं. माहीत असणार कसं? देवूनं कधी सांगितलंच नव्हतं.

कमळनं लेकाला बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. एवढ्या पोरांमध्ये, गळ्यात शिटी घालून उभा असलेला लेक तिनं पहिल्यांदाच पाहिला. ती हाक मारायला तोंड उघडणार, तेवढ्यात देवू म्हणाला,

"ओ बाई, इथून खेकडे न्यायचे नाहीत. पाटी वाचता येत नाही का?"

कुणाला म्हणाला हे? जिला वाचता येत नाही हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, तिला. आणि भाषा तरी बघा, न्यायचे नाहीत! घरात 'न्हाई'शिवाय कधी बोलला नाही मेला.

'मॅडम, ही माझी आई.' चार शब्द होते. पुढं सांगता आलं असतं की या टोपलीत एकसुद्धा पिल्लाळी खेकडी नसणार, पाहिजे तर उलटी करून बघा. चाळीस पोरांना जन्मभर पुरेल असा धडा समोर चालत आला होता. पण देवूला त्या चिखलाची लाज वाटली, त्या खोचलेल्या ओच्याची लाज वाटली. सरळ सांगायचं तर त्याला आईची लाज वाटली. उगाच गोड बोलून काय उपयोग?

कमळनं एकदा त्याच्या टी-शर्टाकडं बघितलं, एकदा मॅडमकडं. उघडलेलं तोंड तिनं मिटलं. मग मान खाली घालून म्हणाली, "चुकलं सर."

सर! आणि तिनं तिथल्या तिथं टोपली पालथी केली. वीस-पंचवीस खेकडे खळकन पाण्यात पडले, तिरके पळत दगडांखाली शिरले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दोन वेण्या घातलेली जुईली नावाची एक मुलगी तर आनंदानं उड्या मारायला लागली. कमळ रिकामी टोपली काखेत घेऊन आल्या वाटेनं परत गेली. टोपली रिकामी होती तरी ती भरलेली असल्यासारखी हातानं धरून चालली होती, एवढं देवूला दिसलं. पुढचं त्यानं बघितलं नाही. पोरांना रांगेत उभं करायला शिटी वाजवली.

संध्याकाळी घरी गेला तर पाय उंबऱ्यातच अडखळले. आत सोनम बाळाला घेऊन बसली होती. बाळंतपणाला माहेरी आलेली, बारा दिवस झालेले, अंगात ताकद नाही. त्या वाडीत बाळंतिणीला खेकड्यांचं सार देतात, अंगावर दूध यावं म्हणून. ते खेकडे कुणासाठी होते हे देवूला त्या क्षणी कळलं. खरं तर सकाळी घरातनं निघतानाच आई म्हणाली होती, आज ओढ्याला जाते म्हणून. त्यानं ऐकलंच नव्हतं.

सोनम म्हणाली, "दादा, ह्या वरसाला खेकडंच न्हाईत म्हनं ओढ्याला. आई दिसभर हिंडली, एक गावला न्हाई."

देवूनं चुलीकडं बघितलं. कमळ पाठमोरी बसून भाकरी थापत होती. वळलीसुद्धा नाही.

"जेव," ती म्हणाली. "टाकळ्याची भाजी केलीया."

रागावली असती, दोन शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. देवूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घास तोंडात फिरत राहिला. "आई," म्हणून त्यानं सुरुवात केली, तर ती म्हणाली, "मीठ कमी हाय का?" आणि मिठाचं भांडं पुढं सरकवलं. विषय तिथंच मिटवला तिनं.

तीन आठवड्यांनी शाळेकडून एक मोठं पाकीट आलं. त्यात पोरांनी काढलेली चित्रं. सकाळच्या बैठकीत सगळ्या माणसांसमोर मॅडमनी त्यातलं एक वर धरलं. जुईलीचं होतं. निळा ओढा, पळणारे लाल खेकडे, मधोमध हिरवा टी-शर्ट घातलेला उंच माणूस, हात पुढं करून उभा. त्याच्यासमोर वाकलेली एक बाई, हातात टोपली. खाली लिहिलं होतं: 'देवू सरांनी खेकडे चोरणाऱ्या बाईंपासून ओढा वाचवला.'

"अशा माणसांमुळे आपलं काम उभं आहे," मॅडम म्हणाल्या. "देवू सर, दिवाळीपासून तुम्ही कायम."

टाळ्या झाल्या. पाठीवर थापा पडल्या. देवू मातीकडं बघत उभा राहिला. लोकांना वाटलं, माणूस लाजाळू आहे. लाजच होती ती, पण कसली ते त्याला एकट्याला माहीत. त्या दिवशी तो तीनदा मॅडमच्या खोलीपर्यंत गेला. एकदा त्या फोनवर होत्या. एकदा 'काय देवू सर?' असं त्यांनी हसून विचारलं, तर हा म्हणाला, शिटी बिघडलीय. तिसऱ्यांदा दारातूनच शेपूट घालून परत आला. शिटी धडधाकट होती.

चित्र त्यानं पिशवीत तळाला दडवलं. पण डबा धुवायला पिशवी आईच उघडणार, हे त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. कमळनं कागद बाहेर काढला, दाराशी उजेडात नेला, बराच वेळ बघत राहिली.

"ह्यो तू," ती म्हणाली.

देवू कागद घ्यायला पुढं झाला.

"आन ही मी. साडीचा रंग अगदी बराबर काढलाय पोरीनं. टोपलीबी माझीच." मग खालच्या अक्षरांवर बोट ठेवून तिनं विचारलं, "हितं काय लिवलंय?"

देवूनं वाचल्यासारखं केलं. "देवू सर आनि... ओढ्यावरची बाई."

खोट्यावर खोटं. पण 'चोरणाऱ्या' हा शब्द तिच्यापुढं उच्चारायची त्याची छाती नव्हती.

"लाव की भितीला," कमळ म्हणाली. "माझं चित्र कुनी काढलंय कवा?"

आणि तिनं ते लावलं, स्वतःच, भाताची शितं चिकटवून, देवाच्या फोटोशेजारी. वाडीतल्या बायका आल्या की दाखवायची, ही बघ मी, आन ह्यो आमचा देवू, पोरं सर म्हनत्यात त्याला. वाडीतली शाळकरी पोरं घरात येऊन ते वाचतील, या भीतीनं देवूला धड झोप येईना. एका रविवारी त्यानं गुपचूप खालची अक्षरं कात्रीनं कापून टाकली. कापून झाल्यावर कागदाच्या त्या पट्टीकडं बघत बसला. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं त्याचा शाळेतला मास्तर म्हणायचा. मास्तर बहुतेक त्यालाच म्हणत असावा.

शेवटी त्यानं मनाशी ठरवलं. खोलीत बोलायला जमत नाही ना? मग जिथं नाकारलं तिथंच कबूल करायचं. त्याच ओढ्यावर, पोरांसमोर, मॅडमसमोर. काम गेलं तर गेलं. ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी दुसऱ्या शाळेची पोरं यायची होती. आदल्या दिवशी तो आईला म्हणाला,

"आई, उद्या दुपारच्याला ओढ्याव ये. त्याच ठिकानी. खेकडं घिऊन ये."

कमळ तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं. "परत वतायची हाय व्हय टोपली, पोरांम्होरं?"

देवूला आधी कळलंच नाही.

"येते की," ती म्हणाली. "तुझ्या कामाचं हाय तर येते. पोरान्ला शिकवायला कायतरी दावायला नगं का?"

टोमणा असता तर देवूनं गिळला असता. टोमणा नव्हता. ती खरंच तसं समजली होती. सर लोकांना शिकवायला एक चोर लागतो, तर आपण व्हावं, त्यात काय एवढं? 'तसं न्हाई आई' एवढंच देवूच्या तोंडून आलं. ती "बरं बरं" म्हणाली आणि खडे वेचत राहिली.

शुक्रवारी ती वेळेवर आली. तीच हिरवी साडी नेसून आली, चित्रातली. धुऊन, वाळवून. काखेत टोपली, वर सागाची पानं. ओढ्यावर तीस-पस्तीस पोरं, पलीकडं हेमलता मॅडम. देवू तोंड उघडणार, तेवढ्यात कमळ चार पावलं पुढं आली, मान खाली घातली आणि पाठ केल्यासारखं म्हणाली,

"चुकलं सर."

आणि टोपली पालथी केली.

पोरं "ए, क्रॅब! क्रॅब!" करत पुढं सरसावली. मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "पुन्हा त्याच बाई? देवू सर, तुम्ही सांगितलं होतं ना यांना?"

"मॅडम," देवू म्हणाला. आवाज फाटला, म्हणून परत म्हणाला. "मॅडम, ही माझी आई हाय. मला जे काय येतंय ते हिनंच शिकिवलंय. ट्रेनिंग-बिनिंग काय न्हाई."

कमळच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं मॅडमकडं बघितलं आणि घाईघाईनं हसली.

"थट्टा करत्यात सर. मला कुटला ल्योक? मी आपली हितली बाई."

पोरं खो खो हसली. त्यांना वाटलं, हे नाटकच आहे. आईनं देवूला तसंच नाकारलं होतं, त्यानं नाकारलं होतं त्याच जागेवर, आणि तेही त्याच्या भल्यासाठी. ही खरी कोण, हे पोरांना पटवायचं कसं? पायाशी एक थोराड खेकडा दगडाकडं निघाला होता. हा उलटा करून दाखवू, हिनं प्रत्येक खेकडा बघून घेतलाय ते दाखवू, असं म्हणून देवू वाकला. डोळे भरून आलेले, नीट दिसत नव्हतं. त्यानं हात घातला तो समोरून.

खेकड्यानं नांगी आवळली. देवू कळवळला. बोटातून रक्त आलं.

"आरं देवू! मागनं, मागनं धर! किती येळा सांगितलंय तुला मुडद्या!"

कमळ धावली. एका हातानं त्याचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं खेकड्याला पाठीवरून दाबून नांगी सोडवली. रक्त बघून तिनं पदराचं टोक दातानं फाडलं आणि बोटाला गुंडाळलं. "फुंकर घाल, फुंकर. रडू नगं. कायबी झालं न्हाई." बत्तीस वर्षांच्या घोड्याला ती हे सांगत होती.

गाठ मारून झाली, मग तिच्या ध्यानात आलं. ओढ्यावर कुणीच हसत नव्हतं. ती हळूच बाजूला झाली, फाटका पदर सावरला आणि हेमलता मॅडमपुढं हात जोडले.

"चुकलं बाई. तोंडातनं गेलं. परत न्हाई म्हननार. त्याचा काय बी दोष न्हाई, त्याला कामावरनं काढू नगा."



पुढच्या रांगेतल्या एका पोरानं विचारलं, "सर, या खरंच तुमच्या आई आहेत?"

"व्हय," देवू म्हणाला. मोठ्यांदा म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पण कमळ मॅडमच्या तोंडाकडं बघत होती, आणि तिचे हात अजून जोडलेलेच होते.